गाडीतला वूफर बंद पडला? नवा घेण्याआधी या क्रमाने तपासा

दारातले स्पीकर नीट वाजतायत, पण डिकीतून बेस येत नाही. दुकानात गाडी नेली की बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर मिळतं, "वूफर गेला, नवा टाका." तेवढ्यावर पैसे काढू नका. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत वूफर जाण्याआधी त्याच्यापर्यंत पोचणारा एखादा जोड गेलेला असण्याची शक्यता जास्त. मालवण, देवगड, हर्णै, गुहागर, कुठेही बघा, गाडी बारा महिने खाऱ्या वाऱ्यात उभी असते आणि जून ते सप्टेंबर डिकीतलं कार्पेट धड सुकतच नाही. फ्यूजच्या पात्या आणि बोल्टखालचे जोड यात आधी खराब होतात. आणि वूफर खरंच जळला असेल, तर तो कशामुळे जळला हे शोधल्याशिवाय नवा लावलात की तोही जळणार.

माझ्या आणि ओळखीपाळखीच्या गाड्या तपासता तपासता जो क्रम पक्का झाला, तोच इथे देतोय. तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स यायला हवं असं अजिबात नाही. एवढं लक्षात ठेवा : बॅटरीतून जाड तार फ्यूजमधून अॅम्पला (अॅम्प्लिफायर, म्हणजे गाण्याचा सिग्नल ताकदवान करून वूफरला देणारा डबा) येते, अॅम्पची अर्थची तार गाडीच्या पत्र्याला जाते, स्टिरिओतून गाण्याचा सिग्नल आरसीए केबलने येतो, 'आता चालू हो' हे सांगणारी एक बारीक रिमोट वायर येते, आणि अॅम्पमधून दोन तारा वूफरला जातात. बिघाड यातल्याच कुठल्यातरी एका ठिकाणी असतो.

हाताशी काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर. साधा, स्वस्तातला चालतो, फक्त ओम, डीसी व्होल्ट आणि एसी व्होल्ट मोजता आले पाहिजेत.
- इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डरसकट, दोन तारा जोडलेला.
- दीड व्होल्टचा पेन्सिल सेल.
- मोबाइलला जोडायची आरसीए केबल आणि मोबाइलमध्ये ५० हर्ट्झचा टोन.
- पाने, स्क्रू ड्रायव्हर, काचकागद, थोडी वायर, व्हॅसलिन.
- अॅम्प आणि वूफरची बिलं, वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तिका. वॉरंटीत असलेला अॅम्प स्वतः उघडू नका.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पाळा. जाड तारांना हात लावायचा असेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. काही स्टिरिओंना त्यानंतर कोड लागतो, तो जवळ आहे ना ते बघून ठेवा. अॅम्पशेजारी मोठा कॅपॅसिटर बसवला असेल तर बॅटरी काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. वरचा बल्ब त्याच्या दोन टोकांना लावून तो उतरवा. आणि सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका.

१. आधी स्टिरिओची सेटिंग बघा

पाच मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. बॅटरी बदलली किंवा काढून लावली की काही स्टिरिओंची सेटिंग मूळपदावर जाते आणि सबवूफर (म्हणजे आपला हाच वूफर) 'ऑफ' होतो. सबवूफर लेव्हल, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग) आणि वायर्ड रिमोट नॉब (बेस कमी-जास्त करायची वेगळी कळ) असेल तर तोही बघा. नॉबची बारीक वायर डॅशबोर्डखाली निसटलेली असते किंवा उंदराने कुरतडलेली असते. पावसाळ्यात उंदीर गाडीत आसरा घेतात हे कोकणात कुणाला सांगायला नको.

२. अॅम्पचा दिवा बघा

इथून तपासणीला तीन वाटा फुटतात, म्हणून वूफर उघडायच्या आधी अॅम्पकडे जा. स्टिरिओ चालू करून दिवा बघा.

दिवा लागतच नसेल तर पायरी ३. लाल किंवा 'प्रोटेक्ट'चा (बिघाड जाणवून अॅम्पने स्वतःला बंद केल्याचा) दिवा असेल तर पायरी ४. नेहमीचा दिवा, बहुतेक अॅम्पवर हिरवा किंवा निळा, लागतोय पण आवाज नाही, तर पायरी ५. तुमच्या अॅम्पवर कुठला रंग कशाचा ते पुस्तिकेत असतं; काही अॅम्पवर चालूचा दिवाही लालच असतो.

३. दिवा नाही : पॉवर, रिमोट, अर्थ

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी सुई अॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर, लाल सुई पॉवर टर्मिनलवर. इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.७ आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

काहीच दिसत नसेल तर बॉनेट उघडा. बॅटरीजवळ, साधारण दीड फुटाच्या आत, मोठा फ्यूज असायला हवा. नसेल तर तो आजच्या आज बसवून घ्या, कारण तार कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटू शकते. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून चालत नाही. दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजा. एका बाजूला १२.६ आणि दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणजे फ्यूज गेला. तो विनाकारण जात नाही, त्यामुळे नवा घालण्याआधी पूर्ण तार हाताने चाचपून बघा, विशेषतः ती इंजिनाच्या बाजूने आत शिरते तिथलं रबर. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेऊ नका. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि तारेपेक्षा तो जड झाला की आधी तार वितळते.

फ्यूज शाबूत असूनही होल्डर खराब असतो, हे आपल्याकडे फार दिसतं. होल्डरचं झाकण पूर्ण बंद होत नाही, बॉनेटखाली पावसाचं पाणी येतं आणि आतली पाती हिरवी पडते. प्लास्टिक पिवळसर होऊन एका बाजूने वितळलेलं दिसलं की समजा, तो जोड सैल होऊन तापत होता. होल्डरच बदला.

पॉवर ठीक असेल तर रिमोट टर्मिनल मोजा. ही वायर बहुधा निळी-पांढरी असते. स्टिरिओ चालू असताना तिथे १२ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. येत नसतील तर खात्रीसाठी पॉवर टर्मिनलमधून एक छोटी वायर रिमोट टर्मिनलला क्षणभर लावा. दिवा लागला तर अॅम्प जिवंत आहे, दोष रिमोटच्या वायरीत आहे. ही वायर तशीच ठेवून झोपायला जाऊ नका, सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल.

कंपनीच्या स्टिरिओला रिमोटची सोय नसली की बसवणारे बऱ्याचदा ती वायर फ्यूज बॉक्समधून, चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजवरून काढतात. मोबाइलच्या खराब चार्जरने तो छोटा फ्यूज उडाला की बेसही गेला. वूफर बदलायला निघण्याआधी चार्जर चालतो का ते बघा.

आता अर्थ. कोकणात निम्मं दुखणं इथे असतं, म्हणून इथे वेळ द्या.

मीटर इथे सहज फसवतो. तो स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे केसाएवढा जोड शिल्लक असला तरी १२.५ व्होल्ट दाखवतो. अॅम्प करंट ओढू लागला की तोच जोड कोसळतो, दिवा लुकलुकतो आणि अॅम्प बंद पडतो. म्हणून इंडिकेटरचा बल्ब वापरा. त्याची एक तार अॅम्पच्या पॉवर टर्मिनलला, दुसरी अर्थ टर्मिनलला लावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट घेतो. बल्ब लख्ख पेटला आणि मीटरवरचं व्होल्टेज जवळपास तेवढंच राहिलं तर जोड निदान तेवढा भार सोसतोय. बल्ब मंद असेल तर अर्थची तार सोडून बल्बचं दुसरं टोक पत्र्यावर खरवडलेल्या स्वच्छ जागी टेकवा. लख्ख झाला, तर दोष अर्थमध्ये. तरीही मंदच राहिला, तर दोष पॉवरच्या बाजूला.

अॅम्प चालतो पण जोरात लावलं की बंद पडतो, अशी तक्रार असेल तर हीच मोजणी गाणं वाजत असताना करा. बॅटरीवरचं आणि अॅम्पवरचं व्होल्टेज यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडायला नको.

अर्थचा बोल्ट काढलात की काय दिसतं ते सांगतो, म्हणजे ओळखता येईल. वरून बोल्ट घट्ट आणि चकचकीत. लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) उचलला की खाली पांढरट-हिरवी पूड, पत्र्यावर तांबूस गंजाचं गोल वर्तुळ, आणि बरेचदा त्या वर्तुळाखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, म्हणजे बसवणाऱ्याने पत्रा खरवडलाच नव्हता. तारेचं वेष्टन इंचभर सोला. आतलं तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत भाग लागेपर्यंत कापत जा. वेष्टन सोलल्यावर तारा पांढरट भुकटीसारख्या तुटत असतील, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. खाऱ्या हवेत तिच्यावर अवलंबून राहू नका. शुद्ध तांब्याची, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली तार घ्या.

पुन्हा जोडताना पत्रा काचकागदाने पांढरा होईपर्यंत घासा, दाबून बसवलेला लग आणि दातेरी वॉशर वापरा, बोल्ट घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा रंग लावा. आधी लावू नका. तार दीड-दोन फुटांपेक्षा लांब नको आणि पॉवरच्या तारेएवढीच जाड हवी. सीट बेल्टचा बोल्ट अर्थसाठी कधीही वापरू नका. अपघातात जीव त्या बोल्टवर असतो.

४. प्रोटेक्टचा दिवा

स्टिरिओ बंद करा, वूफरच्या दोन्ही तारा आणि आरसीए अॅम्पमधून काढा, पुन्हा चालू करा.

प्रोटेक्ट गेला तर अॅम्प बहुधा ठीक आहे, दोष बाहेर आहे. टर्मिनलपाशी तारेचा एखादा धागा शेजारच्या टोकाला टेकलाय का, तार मागच्या सीटच्या सांध्यात चेपली आहे का, ते बघा आणि मग पायरी ६ कडे जा. सगळं काढूनही प्रोटेक्ट राहिला आणि पॉवर-अर्थ पक्के असतील, तर दोष अॅम्पच्या आत आहे. ते काम जाणकार मेकॅनिकचं.

वूफर नुकताच बदललाय किंवा दुसरा जोडलाय आणि तेव्हापासून प्रोटेक्ट येतोय, असं असेल तर ओमचा, म्हणजे वूफरच्या विद्युत विरोधाचा, हिशेब करा. कॉइल म्हणजे वूफरचा पडदा, म्हणजे कोन, हलवणारं आतलं तारेचं वेटोळं. प्रत्येकी ४ ओमच्या दोन कॉइलचा वूफर समांतर जोडला की २ ओम होतो, एकापाठोपाठ जोडला की ८. असे दोन वूफर सगळे समांतर जोडले तर १ ओम, आणि २ ओमपर्यंतच चालणारा अॅम्प ते सोसत नाही. दोन चॅनलचा अॅम्प ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकाच वूफरला जोडून, वापरत असाल तर त्याला बहुतेक वेळा किमान ४ ओम लागतात.

उन्हात उभ्या गाडीत, कार्पेटवर पालथा ठेवलेला किंवा कपड्यांखाली दबलेला अॅम्प तापूनही प्रोटेक्टमध्ये जातो. निवल्यावर सुरू होत असेल तर त्याला फक्त मोकळी जागा द्या.

५. दिवा ठीक, आवाज नाही

वूफरच्या तारा अॅम्पमधून काढा. ५० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि अॅम्पच्या वूफर टर्मिनलवर मोजा. आवाज वाढवताना आकडा चढत असेल तर अॅम्पमधून सिग्नल बाहेर येतोय, पुढे वूफर तपासा. आकडा शून्याजवळ राहिला तर आरसीए काढून मोबाइल थेट अॅम्पला जोडा. आता आकडा आला तर दोष आरसीए केबलचा किंवा स्टिरिओचा. दुसरी केबल सीटवरून उघडी टाकून बघितली की दोन्हींतला कोण ते कळतं. आरसीए काढताना-लावताना स्टिरिओ बंद असू द्या, नाहीतर काही स्टिरिओंच्या आतला आरसीएचा अर्थ जळतो आणि नवं दुखणं उभं राहतं.

तारा काढलेल्याच आहेत तर आणखी एक मोजणी कराच. टोन बंद, अॅम्प चालू, मीटर डीसी व्होल्टवर, दोन्ही सुया अॅम्पच्या वूफर टर्मिनलवर. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. तिथे काही व्होल्ट डीसी दिसत असतील तर अॅम्प खराब आहे आणि तो लावाल तो वूफर जाळणार. ही मोजणी न करता नवा वूफर लावू नका.

६. कॉइल मोजा

मीटर ओमवर ठेवा, आधी दोन्ही सुया एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो लक्षात ठेवा आणि पुढच्या मोजणीतून वजा करा. दोन कॉइलचा वूफर असेल तर जोडपट्ट्या काढून प्रत्येक कॉइल वेगळी मोजा.

४ ओमची कॉइल मीटरवर साधारण ३ ते ४ च्या मध्ये येते, २ ओमची दीड ते दोनच्या मध्ये. छापलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी येणं योग्यच आहे, त्यावरून कुणी 'कॉइल बसली' म्हटलं तर ऐकू नका. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तिची तार तुटली आहे. शून्याजवळ असेल तर कॉइल शॉर्ट आहे. दोनपैकी एकच कॉइल गेली असेल तर समांतर जोडणीत वूफर अशक्त वाजत राहतो, एकापाठोपाठ जोडणीत पूर्ण मुका होतो.

मीटर तुटल्याचं दाखवत असेल तरी लगेच आशा सोडू नका. टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणाऱ्या लवचीक विणलेल्या तारा बघा. त्याच टर्मिनलच्या मुळाशी हिरव्या पडून तुटतात. सुया लावून कोन हळूच वर-खाली करा. आकडा येत-जात असेल तर दोष त्या तारेत आहे आणि डागकाम करून वूफर वाचतो.

मग पेन्सिल सेल प्लसला प्लस, मायनसला मायनस असा क्षणभर लावा. कोन बाहेर उडी मारायला हवा. दोन वूफर असतील तर दोन्ही एकाच दिशेने हलतायत ना ते बघा. एकाच्या तारा उलट्या लागल्या असतील तर दोघे एकमेकांचा बेस मारतात आणि माणूस अॅम्पला दोष देत बसतो.

७. कोन आणि पेटी

वूफर पेटीतून काढा, मधल्या टोपीच्या कडेने दोन्ही हातांची बोटं समान ठेवून कोन हलकेच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल जळून फुगली आहे किंवा लोहचुंबकाच्या फटीत गंज धरलाय. जळकट वार्निशचा वास असेल तर पहिलंच. कोनाभोवतीची फोमची कडा दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. इथे राहणाऱ्याने रबरी कडेचा वूफरच घ्यावा.

पेटी एमडीएफची असेल तर खालच्या कडा बघा. भिजून फुगल्या की सांधे उघडतात, हवा फुसफुसते आणि बेस पोकळ होतो. पेटी नव्याने करायचीच असेल तर आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या. जड होतो, महाग पडतो, पण पावसाळे काढतो.

८. जळला असेल तर कशामुळे?

बहुतेक वेळा गेनमुळे, म्हणजे स्टिरिओच्या सिग्नलशी अॅम्प जुळवून घ्यायच्या अॅम्पवरच्या बटणामुळे. गेन म्हणजे आवाजाचं बटण समजून तो शेवटपर्यंत फिरवलेला असतो. मग अॅम्प त्याच्या ताकदीपलीकडे जातो, लहरींचे शेंडे कापले जातात आणि कॉइल सतत तापत राहते.

गेन मीटरने लावा. वूफर आणि अॅम्प यांपैकी ज्याचे आरएमएस वॅट (सतत चालणारी ताकद) कमी ते धरा. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेले 'मॅक्स' वॅट विसरा. वॅट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. ३०० वॅट आणि २ ओमला साधारण २४.५ व्होल्ट, ५०० वॅट आणि ४ ओमला ४४.७. वूफरच्या तारा काढा, बास बूस्ट शून्य करा, लो पास (फक्त खालचे सूर पुढे सोडणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावा आणि एसी व्होल्ट तेवढे येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. तिथे खूण करून ठेवा. पोर्टची, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली, पेटी असेल तर सबसॉनिक फिल्टरही चालू हवा, नाहीतर फार खालच्या सुरांवर कोन मोकाट हलतो आणि कॉइल आपटते.

९. गाडी पुरात भिजली असेल तर

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पुराच्या पाण्यात गाड्या बुडालेल्या आपण पाहिल्यात. अशा गाडीचा स्टिरिओ 'चालतो का बघू' म्हणून चालू करू नका. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि काहीही सोडवण्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवा. बाहेरून बसवलेल्या सिस्टीमची पॉलिसीत इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून वेगळी नोंद लागते, ती नूतनीकरणाच्या वेळीच करून ठेवा. गाळ शिरलेला कागदी कोनाचा वूफर बहुतेक वाचत नाही. अॅम्प मात्र लगेच काढून, चालू न करता, मेकॅनिककडून साफ करून पूर्ण सुकवला तर वाचू शकतो. जाड तार पाणी आत ओढून घेते, ती नवीच टाका.

१०. दुरुस्ती की नवा?

कोन, कडा आणि चुंबक चांगले असतील आणि फक्त कॉइल गेली असेल, तर चांगल्या प्रतीचा वूफर दुरुस्त करून घ्यावा असं माझं मत. स्वस्तातल्या वूफरला तो खर्च परवडत नाही. गाडीच्या दुकानात हे काम होत नसेल तर गावातल्या सार्वजनिक गणपतीला, जत्रेला साउंड लावणाऱ्यांना विचारा. त्यांच्या वूफरच्या कॉइल नेहमी बदलल्या जातात, कोल्हापूर-मुंबईकडची माणसं त्यांना माहीत असतात. त्यांच्याकडे मात्र ८ ओमच्या कॉइल सर्रास चालतात. तुमच्या ४ ओमच्या वूफरला ८ ओमची बसवली तर अॅम्पची ताकद साधारण निम्मी मिळेल. म्हणून ओम, कॉइलचा व्यास आणि उंची कागदावर लिहून द्या.

गणपतीसाठी मुंबईहून गाडी घेऊन येणार असाल तर ही तपासणी निघायच्या आठवडाभर आधी करा, सणाच्या गर्दीत मेकॅनिकला सवड नसते. काम झाल्यावर अर्थचा बोल्ट, फ्यूज होल्डर, गेनची खूण आणि वूफरची जोडणी, चारही जागांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि पावसाळा सरला की अर्थचा बोल्ट एकदा उघडून बघा.